मुंबईतील एका दिवसाचा खर्च कसा ठरतो : धरमतरच्या प्रवाशासाठी हिशोबाची रीत

पेण, वडखळ, धरमतर, नागोठणे, रोहा या पट्ट्यातून तीन-चार दिवसांसाठी मुंबईला जाणारे कुटुंब निघण्यापूर्वी बहुधा एकच आकडा मनाशी धरते: दिवसाला अमुक इतके रुपये. हा आकडा नात्यातल्या कोणाकडून ऐकलेला असतो, किंवा मागच्या खेपेच्या एकूण खर्चाला दिवसांनी भागून काढलेला असतो. परत आल्यावर मात्र असे दिसते, की एका कुटुंबाचे पैसे उरले आणि तितकेच दिवस राहून, तीच ठिकाणे पाहून आलेल्या दुसऱ्या कुटुंबाला वाटेत उसने घ्यावे लागले. दोघांपैकी कोणीही उधळपट्टी केलेली नसते. याच शहरात पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा सुमारे ४९ किलोमीटरचा लोकल प्रवास दुसऱ्या वर्गाने २० रुपयांत होतो, आणि त्याच प्रवासाच्या शेवटी भाड्याने घेतलेली साधी खोली एका रात्रीत उरलेल्या सगळ्या खर्चाहून अधिक पैसे घेते. तेव्हा मुंबई महाग आहे हे विधान खरे असले, तरी ते अपुरे आहे. तिच्यात काय महाग आहे, काय स्वस्त आहे आणि कोणता खर्च कशामुळे वाढतो, हे उलगडल्याशिवाय दिवसाचा हिशोब बसवता येत नाही.

## महाग शहर म्हणजे काय

मुंबईचे मूळ शहर हा समुद्रात घुसलेला जमिनीचा अरुंद पट्टा आहे. त्याच्या तीन बाजूंना पाणी असल्याने शहर वाढले ते उत्तरेकडे लांबत गेले, आणि कामधंद्याची जागा दक्षिणेला राहिली. जमीन थोडी आणि मागणारे पुष्कळ, या स्थितीत जागेचे भाडे चढते, आणि जिच्यात जागेचा वाटा मोठा ती प्रत्येक वस्तू त्याच्या मागोमाग महाग होते. हा प्रश्न इतका जुना आहे, की १९४७ साली मुंबई इलाख्यात झालेल्या भाडेनियंत्रण कायद्याच्या नावातच घरभाड्याबरोबर हॉटेल आणि लॉजिंग हाउस यांच्या दरांचाही उल्लेख होता. म्हणजे परगावाहून येणाऱ्याची रात्र हा त्या काळीही सरकारने लक्ष घालावे असा विषय होता.

लोकल गाडीची गोष्ट उलट आहे. उपनगरी रेल्वेचे भाडे खर्चाच्या प्रमाणात न ठेवता, लाखो कामकरी माणसांना रोज परवडेल असे सार्वजनिक धोरणाने खाली ठेवलेले आहे. रेल्वेने १ जुलै २०२५ पासून लांब पल्ल्याचे भाडे वाढवले, तेव्हाही उपनगरी तिकिटे आणि पास यांना हात लावला नाही; दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपयांवरच राहिले. त्यामुळे मुंबईत अंतर स्वस्त आहे आणि जागा महाग आहे, आणि या एका विधानातून प्रवाशाच्या हिशोबाचे बहुतेक नियम निघतात.

प्रत्येक महाग शहराचे असे स्वतःचे गणित असते. लंडनमध्ये सार्वजनिक प्रवास बराच महाग आहे, परंतु तिथे दिवसभराच्या भाड्यावर कमाल मर्यादा असते, ती गाठली की त्या दिवसाच्या पुढच्या फेऱ्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. शिवाय ब्रिटिश म्युझियमसारख्या मोठ्या संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हात खोली फार महाग पडते, परंतु हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला शहरात फिरण्यासाठी प्रवासपत्र विनामूल्य मिळते. मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी जाणाऱ्या मराठी आईवडिलांनी लंडनचा अनुभव जिनिव्हाला लावला, किंवा मुंबईची सवय लंडनला लावली, तर हिशोब दोन्हीकडे चुकतो. म्हणून अंदाजपत्रक मांडण्यापूर्वीचा पहिला प्रश्न शहर किती महाग आहे हा नसून, त्या शहरात कोणती गोष्ट इतरांच्या मानाने स्वस्त ठेवलेली आहे, हा असला पाहिजे.

## खर्च कशाला बांधलेला असतो

एकूण खर्चाला दिवसांनी भागले की सरासरी निघते. पण या सरासरीत चार वेगवेगळ्या जातींचे खर्च एकत्र मिसळलेले असतात आणि ते चारही वेगवेगळ्या कारणांनी वाढतात. पहिला खर्च संपूर्ण खेपेला एकदाच होतो: घरापासून मुंबईपर्यंत जाणे आणि परत येणे. दोन दिवस राहिले काय आणि सहा दिवस राहिले काय, तो तेवढाच राहतो. दुसरा खर्च रात्रीला बांधलेला असतो, म्हणजे खोलीचे भाडे. तिसरा माणशी असतो: जेवण, चहा, लोकलचे तिकीट. चौथा खर्च सगळ्या गटाला मिळून एकच लागतो, मग गट दोघांचा असो वा चौघांचा: टॅक्सीचे मीटर, स्वतःच्या गाडीचा टोल आणि इंधन, आणि काही ठिकाणी प्रवेशशुल्कसुद्धा.

या चौथ्या जातीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, म्हणून ती थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे. मुंबईत ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे पहिल्या पाच किलोमीटरपर्यंतचे तिकीट १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे ३१ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे ठरले. एकट्या माणसाला दीड किलोमीटरसाठी टॅक्सी बसच्या तिप्पट महाग पडते. पण चौघांना त्याच अंतरासाठी बसने ४० रुपये द्यावे लागतात आणि टॅक्सीने ३१. दोन किलोमीटरच्या आसपास दोन्ही सारखी होतात आणि त्यापुढे बस पुन्हा स्वस्त ठरते. टॅक्सी म्हणजे चैन आणि बस म्हणजे काटकसर, हा सर्वसाधारण समज एकट्यासाठी बरोबर असून चौघांसाठी पहिल्या दोन किलोमीटरांत चुकीचा आहे. अर्थात रहदारीत थांबलेल्या टॅक्सीचे मीटर पुढे सरकत राहते आणि मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट भाडे लागते, हेही त्या हिशोबात धरावे लागते.

भायखळ्याच्या राणीच्या बागेचे, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे, प्रवेशशुल्कही याच जातीचे आहे. तिथे प्रौढ व्यक्तीला ५० रुपये पडतात, परंतु आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला मिळून १०० रुपयांचे तिकीट मिळते. माणशी खर्च धरून चालणारा मनुष्य अशा ठिकाणाच्या खर्चाचा अंदाज वाढवून ठेवतो आणि मग तितक्याच रकमेची दुसरीकडे काटछाट करतो.

दिवसभराच्या पासांबाबतही हीच दक्षता हवी. बेस्टचा एक दिवसाचा पास ७५ रुपयांचा आहे. दहा रुपयांच्या छोट्या फेऱ्या करणाऱ्याला सात फेऱ्यांपर्यंत सुटी तिकिटेच स्वस्त पडतात, आणि पाहुणा माणूस दिवसात सातांहून अधिक वेळा बस क्वचितच बदलतो. पास हा त्या मार्गांवर रोज राबणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. पाहुण्याने तो घेण्यापूर्वी दिवसाच्या फेऱ्या मोजणे एवढेच पुरे असते.

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या दौऱ्यासाठी केलेले नियम या दृष्टीने बोधप्रद आहेत. सातव्या वेतन आयोगानंतर दौऱ्यावरील कर्मचाऱ्याला हॉटेलचे भाडे, शहरातील फिरणे आणि जेवण हे तीन खर्च तीन निराळ्या शीर्षांखाली दिले जातात. ते एकमेकांत मिसळून एकच दैनिक रक्कम दिली जात नाही. जेवणाच्या रकमेसाठी वेळेची पायरीही ठरवलेली आहे: सहा तासांपेक्षा कमी वेळ बाहेर राहिल्यास ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के आणि त्याहून अधिक वेळेला पूर्ण रक्कम. दुपारी बारा वाजता मुंबईत पोचणारे आणि शेवटच्या दिवशी दुपारीच निघणारे कुटुंबही तीन दिवसांच्या खेपेत तीन पूर्ण दिवस खर्च करत नाही, हे या नियमात नेमके पकडलेले आहे.

## धरमतरहून मुंबईला पोचण्याच्या वाटा

धरमतर हे अंबा नदीच्या खाडीवरचे जुने बंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून इथे आगबोट येत असे, आणि नागोठणे-महाडकडे जाणारे लोक इथे उतरून पुढची वाट धरत. आता खाडीत मालवाहू बार्जेस चालतात आणि प्रवासी जमिनीवरून जातो. तरीही आसपासच्या गावांना मुंबई गाठण्यासाठी आज एकाहून अधिक मार्ग उपलब्ध आहेत, ही सोय थोड्याच तालुक्यांना आहे.

पहिला मार्ग वडखळ नाक्यावरून एसटीने पनवेल आणि तिथून हार्बरची लोकल. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यांनी मोजले जाते. २५ जानेवारी २०२५ पासून त्यात १४.९५ टक्के वाढ झाली आहे, परंतु मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे भाडे आहे, आणि ७५ वर्षांवरील व्यक्तींना प्रवास विनामूल्य आहे. म्हणजे माणशी खर्चातही कुटुंबात कोण आहे त्याप्रमाणे फरक पडतो: दोन बायका, एक आजी आणि एक तरुण मुलगा यांचा एसटीचा खर्च चार तरुण पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास येतो. दुसरा मार्ग पेण स्थानकावरून रोहा–दिवा गाडीने दिव्याला जाऊन मध्य रेल्वेची लोकल धरण्याचा; तो स्वस्त आहे, मात्र या मार्गावर गाड्या मोजक्या असल्याने एक चुकली की सबंध दिवसाचा बेत विस्कटतो.

तिसरा मार्ग उलट दिशेने, पोयनाडवरून अलिबाग आणि मांडवा गाठून तिथून गेटवे ऑफ इंडियाला जाणाऱ्या बोटीचा, किंवा मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या, वाहने नेणाऱ्या रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला जाण्याचा. कुलाबा किंवा फोर्ट भागात काम असलेल्याला हा मार्ग थेट कामाच्या दारात उतरवतो. गेटवेच्या साध्या बोटी पावसाळ्यात बंद राहतात, तेव्हा जूनपासूनच्या खेपेचे अंदाजपत्रक या मार्गावर आधारू नये.

चौथा मार्ग स्वतःच्या गाडीचा. शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, २१.८ किलोमीटरच्या या पुलावर मोटारीला एका बाजूचा टोल २५० रुपये आणि जाऊन-येऊन ३७५ रुपये पडतो. वाशीच्या खाडीपुलावरून गेल्यास मुंबईच्या प्रवेशनाक्यावरील हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे. गाडीचा खर्च गटाला एकच असल्याने एकट्यासाठी तो अवाच्या सवा आणि पाचजणांसाठी विचार करण्याजोगा असतो; मात्र दक्षिण मुंबईत गाडी उभी करण्याची जागा हीच पुन्हा महाग जमिनीची गोष्ट असल्याने, दिवसभर न चालणारी गाडीही पैसे खात राहते.

## रात्र कुठे काढावी

अंदाजपत्रकातील सर्वांत मोठा निर्णय हाच आहे, आणि धरमतरच्या प्रवाशापुढे तो नागपूरच्या किंवा नांदेडच्या प्रवाशापेक्षा वेगळा आहे. दूरच्या माणसाने दादरला राहावे की पनवेलला, एवढाच प्रश्न असतो. पेण-रोहा पट्ट्यातील माणसाला तिसरा पर्याय आहे, तो म्हणजे रात्री घरी परतणे.

शहराच्या मध्यापासून दूर गेले की खोलीचे भाडे उतरते आणि प्रवासाचा खर्च चढतो. मुंबईत लोकल स्वस्त असल्याने रुपयांपुरते पाहिले तर दुसरा चढ पहिल्या उतारापुढे किरकोळ आहे. तरीही सर्वांनी पनवेललाच राहावे असे निघत नाही, कारण दोन गोष्टी तिकिटात दिसत नाहीत. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोकलला सुमारे एक तास वीस मिनिटे लागतात, म्हणजे रोज जाण्यायेण्यात पावणेतीन तास जातात. शिवाय दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येत नाही, त्यामुळे वेळ काढण्यासाठी बाहेर बसणे, चहापाणी, मुलांचा खाऊ आणि थकवा आल्यावर घेतलेली टॅक्सी, हे सगळे खर्च वाढतात. धडधाकट तरुणाला ते नगण्य असतील. लहान मूल, म्हातारी माणसे किंवा रुग्ण सोबत असल्यास याच खर्चामुळे स्वस्त खोली महाग पडते.

घरी परतण्याचा पर्याय माणसांच्या संख्येवर ठरतो. खोली गटाला मिळून एक लागते, परतीचा प्रवास मात्र माणशी लागतो. म्हणून एकट्यादुकट्याला रोज घरी येणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते आणि गट मोठा होत जाईल तसा हा फायदा आटत जातो. सकाळी आठला परीक्षाकेंद्रावर हजर व्हायचे असेल किंवा न्यायालयात पहिल्या पुकाऱ्याला उभे राहायचे असेल, तर पैशांचा फायदा सोडून आदल्या रात्री शहरात असणे हाच शहाणपणाचा हिशोब होय. चुकलेल्या परीक्षेची किंमत कोणत्याही खोलीच्या भाड्याने भरून निघत नाही.

चौकट : तीन रात्री, तीन पर्याय

पुढील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी गृहीत धरले आहेत. वाचकाने त्या जागी चौकशी करून मिळालेले दर घालावेत. समजा, दादरची खोली रात्रीला ३,००० रुपये आणि पनवेलची १,८०० रुपये आहे. पनवेलहून मुंबईत रोज जाऊन-येऊन माणशी ४० रुपये लोकलला आणि दादरहून फिरायला माणशी २० रुपये लागतात. घरी परतल्यास रोजचा जादा खर्च माणशी २०० रुपये आहे.

एकटा प्रवासी: दादरला दिवसाचे ३,०२०, पनवेलला १,८४०, घरी परतून २०० रुपये.

चौघांचे कुटुंब: दादरला ३,०८०, पनवेलला १,९६०, घरी परतून ८०० रुपये.

एकट्याला घरी परतणे पनवेलच्या खोलीपेक्षा नऊपटींहून स्वस्त आहे, चौघांना सुमारे अडीचपट. दादर आणि पनवेल यांतील फरक एकट्याला १,१८० आणि चौघांना १,१२० रुपये, म्हणजे जवळजवळ सारखाच राहतो. परंतु एकट्याच्या बाबतीत तो फरक एकाच्या वेळेची किंमत आहे आणि कुटुंबाच्या बाबतीत चौघांच्या. तीन रात्रींसाठी हे आकडे तीनपट होतात, गावाहून पहिल्यांदा येण्याचा आणि शेवटी परतण्याचा खर्च मात्र राहणाऱ्यांना एकदाच धरावा.

खोली ठरवताना आणखी दोन बारकावे पाहावे लागतात. काही लॉजमध्ये खोलीचा दिवस ताबा घेतल्यापासून चोवीस तासांचा असतो, तर काहींमध्ये तो दुपारी बाराला संपतो. दुसऱ्या पद्धतीत सकाळी सातला पोचणाऱ्याकडून कधी कधी आदल्या रात्रीचेही पैसे घेतले जातात. रात्रीच्या गाडीने येणाऱ्या दूरच्या प्रवाशाला हे टाळता येत नाही. धरमतरच्या माणसाला सकाळी घरून निघून बाराच्या सुमारास पोचता येते आणि ही बचत त्याच्या हक्काची आहे. दुसरा बारकावा कराचा: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आणि त्यावरील खोलीवर १८ टक्के आहे, म्हणून दर विचारताना तो करासह की कराविना, हे विचारून घेणे अगत्याचे आहे.

खोलीचे दर रोज वेगळे का असतात, यालाही कारण आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक कमी असलेल्या रात्री मालक दर उतरवतो आणि गर्दीच्या रात्री चढवतो. कचेऱ्यांच्या भागात शनिवार-रविवारच्या रात्री मागणी घटते, तर गणेशोत्सवात लालबाग-परळच्या आसपास ती वाढते. पेण-हमरापूरचे मूर्तिकार आणि व्यापारी गणपतीच्या आधी मुंबईला फेऱ्या मारतात, त्यांना हा चढ नेमका कामाच्या दिवसांत भोगावा लागतो, आणि म्हणून त्यांनी उतरण्याची सोय महिनाभर आधी करून ठेवणे फायद्याचे ठरते.

रात्रीचा खर्च अनेकांत वाटून घेण्याची कोकणाची रीत या सर्वांहून जुनी आहे. गिरण्यांच्या काळात गिरणगावातील चाळींत कोकणातल्या गावागावांच्या नावाने खोल्या घेतल्या जात. वर्गणी सर्वांची, झोपायला पाळीपाळीने जागा, आणि गावाहून आलेल्या माणसाला हक्काचा आसरा. गोव्याच्या लोकांनी धोबीतलावच्या परिसरात चालवलेले कूडही याच जातीचे. एकट्याला न पेलणारे जागेचे भाडे गावाने मिळून पेलले, ही नोंद मुंबईच्या इतिहासात आदराने व्हायला हवी.

## जेवणाचा दर आणि खुर्चीचे भाडे

हॉटेलातील थाळीच्या किमतीत तांदूळ-डाळीच्या जोडीने बसण्याच्या जागेचे भाडेही असते. उभ्याने खाल्लेला वडापाव स्वस्त असतो, कारण गिऱ्हाईक दोन हात जागा पाच मिनिटे व्यापतो; उडुपी हॉटेलातील जेवण मध्यम दरात मिळते, कारण तिथे टेबल लवकर रिकामे होऊन पुन्हा भरते; आणि निवांत बसण्याच्या, गार हवेच्या दालनात त्याच स्वयंपाकघरातला पदार्थ अधिक दराने येतो, कारण तिथे वेळ विकला जातो. म्हणून दिवसातले एकच जेवण बसून आणि बाकीचे चटकन उरकणारे, अशी विभागणी केली की पोट उपाशी न ठेवता खर्च आटोक्यात राहतो. गिरणगावात कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी हे गणित घराच्या एका खोलीतून सांभाळले. त्यांना कर्जाचा आधार मिळावा म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

पहिल्या दिवसाची शिदोरी घरून नेणे धरमतरच्या प्रवाशाला सहज शक्य आहे. ती केवळ एका जेवणाचे पैसे वाचवत नाही. प्रवासात भूक लागल्यावर दिसेल तिथे, मिळेल त्या दराने खाण्याची वेळ ती येऊ देत नाही.

## राखीव रक्कम किती असावी

खारेपाटातील शेतकरी खाडीकाठचा बाहेरकाठा सरासरी भरतीच्या उंचीचा घालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी अडेल इतका तो उंच ठेवतो, कारण एकदा खांड गेली की खारे पाणी साऱ्या शेतावर पसरते. प्रवासाच्या पैशांचेही तसेच आहे. सरासरी दिवसाला पुरणारी रक्कम घेऊन गेलेला मनुष्य सर्वांत खर्चिक दिवशी अडतो. शेवटची गाडी चुकणे, मूल आजारी पडणे, पावसात रूळांवर पाणी साचून लोकल थांबणे, यांपैकी एक गोष्ट घडली तरी त्या रात्री अचानक खोली किंवा लांबची टॅक्सी करावी लागते.

तरीही राखीव रक्कम प्रत्येक दिवसाला वेगळी ठेवण्याचे कारण नाही. समजा, एका अडचणीच्या दिवसाचा जादा खर्च २,००० रुपये आहे. चार दिवसांसाठी ८,००० रुपये बाजूला ठेवले, तर चारही दिवशी संकट येईल असे गृहीत धरल्यासारखे होते, आणि तसे घडणे फारच दुर्मीळ असते. साधारण खेपेला एका, फार तर दोन वाईट दिवसांची तरतूद पुरते. ही रक्कम खेपेच्या खात्यावर टाकावी, दिवसाच्या खात्यावर टाकू नये, आणि रोजच्या पैशांत मिसळू नये. मिसळलेली राखीव रक्कम पहिल्याच बाजारात खर्चून जाते. परतीच्या भाड्याचे पैसे याहूनही वेगळे ठेवावेत. घरी परतणारा दोन-अडीच तासांत पेणला पोचतो, त्यामुळे धरमतरच्या प्रवाशाला विदर्भ-मराठवाड्यातील प्रवाशापेक्षा कमी राखीव पैसे पुरतात, हा जवळ राहण्याचा खरा लाभ आहे.

## दीर्घ मुक्काम : रुग्ण आणि सोबती

सर्वांत कठीण हिशोब फिरायला आलेल्याचा नसतो. तो उपचारासाठी आलेल्याचा असतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ साली सुरू झाले, दूरदूरच्या गावांतून माणसे येतात, त्यांत रायगडचेही असतात. आणि तिथे मुक्काम किती दिवसांचा, हे आधी ठाऊक नसते. अशा वेळी दिवसाचा आकडा धरून बसणे निरुपयोगी ठरते, कारण दिवसांची संख्याच अज्ञात असते. इथे आठवडा हे एकक धरून, पहिल्या आठवड्याची पूर्ण तरतूद आणि पुढच्या प्रत्येक आठवड्याला लागणारी किमान रक्कम, असे दोन आकडे काढणे उपयोगी पडते.

रुग्णालयाच्या परिसरात धर्मशाळांची मोठी परंपरा आहे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या संस्था रुग्ण आणि नातेवाइकांच्या निवासाची सोय अल्प दरात करतात. तिथे जागा मिळण्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे दाखवावी लागतात आणि पुष्कळदा थांबावेही लागते, म्हणून पहिले काही दिवस बाहेरच्या खोलीचे भाडे धरूनच निघावे. महाग शहरातली रात्र स्वस्त करण्याचे हे काम या संस्था कित्येक वर्षे निष्ठेने करत आल्या आहेत, आणि हजारो कुटुंबांचे उपचार त्यामुळे अर्ध्यावर सुटले नाहीत.

गावाहून येऊन-जाऊन उपचार घेणाऱ्याला लोकलचा मासिक पास लक्षात घेण्यासारखा आहे. उपनगरी दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारण १५ एकेरी तिकिटांच्या हिशोबाने ठरलेली आहे. २०१४ साली ती ३० तिकिटांच्या हिशोबाने नेण्याचा निर्णय झाला होता, तो विरोधानंतर मागे घेण्यात आला. याचा अर्थ एकाच मार्गावर महिन्यात आठ दिवस जाऊन-येऊन प्रवास करणाऱ्याला पास फायद्याचा पडू लागतो, आणि रेडिएशनसारख्या रोजच्या उपचाराला तर त्याने खर्च बराच उतरतो. पनवेलहून टाटा रुग्णालयात जाणाऱ्याने हार्बरवर कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेने परळ गाठावे, किंवा शिवडीला उतरून टॅक्सी करावी. रुग्णाला जिने आणि गर्दी सोसत नसेल तर दुसरा मार्ग थोडा महाग पडला तरी योग्य ठरतो. कर्करुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला लांब पल्ल्याच्या रेल्वेभाड्यात सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ते शेवटच्या दिवशी घाईत मागण्यापेक्षा आधीच मागून ठेवावे.